खिशात पैसा कमी, तरी घर: विदर्भातल्या गावात सुरुवात कुठून करायची

एसटी स्टँडच्या भिंतीवर "एक रुपयाही न भरता घर" असं कोणी रंगवून गेलं की पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दोन-तीन जण हमखास येतात. तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, नमुना आठ, घरकुलाचे अर्ज, बँकेच्या फायली, दिवसभर हेच चालतं. येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, खरंच काही भरा लागत नाही का?"

भरावं लागतं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. उरलेले १० टक्के आपले. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील आणि बँकेचं प्रोसेसिंग वेगळं. एकच सवलत आहे: घर १० लाखांच्या आतलं असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरून कर्ज देण्याची बँकेला मुभा आहे. मॅनेजर हे आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

तरीही आमच्या भागात फार थोड्या पैशात घर उभं केलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे पैसा नव्हता, पण कागद चोख होते. म्हणून बँकेची पायरी चढण्याआधी जागेपासून सुरुवात करा.

आधी जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा

आमच्याकडे दहातल्या सहा-सात घरांचा नमुना आठ काढला की त्यावर आजोबांचं नाव निघतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, तीन काका, दोन आत्या, आणि घराला टॅक्स भरतो शेवटचा मुलगा. त्याला वाटतं घर आपलंच. बँकेला आणि पंचायत समितीला तसं वाटत नाही. आधी वारसांची नोंद, मग वाटणीपत्र किंवा हक्कसोड, मग पुढचं सगळं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. आत्या शंभरदा "दिली रे बाबा तुले" म्हणेल, पण तोंडी दिलेलं बँकेच्या फायलीत लागत नाही.

नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा कागद नाही. गावठाणात मालकी दाखवायला आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सनद लागते. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, त्यात ड्रोननं गावठाणं मोजून सनदा वाटल्या जात आहेत. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर सनद घेऊन ठेवा. काही जण फी भरायची म्हणून ती भूमी अभिलेखमध्येच पडू देतात. नंतर कर्जाच्या वेळी तोच कागद आणायला चार चकरा होतात.

जागा शेतातली असेल तर सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. जुन्या उताऱ्यांवर "भूमिस्वामी", "भूमिधारी" असे मध्य प्रदेशच्या काळातले शब्द दिसतात, तेव्हा मूळ हक्क कसा मिळाला ते फेरफार काढून बघायचं. जमीन आदिवासी खातेदाराची असेल आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-क मुळे परवानगीविना व्यवहार टिकत नाही, कितीही वर्षं ताबा असू द्या. गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूर आणि मेळघाटात हे पहिलं तपासायचं.

पूर्व विदर्भात आणखी एक शब्द शोधा: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत हजारो हेक्टर जमीन अशी नोंदलेली आहे, आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच धरली. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारनं दिलेल्या जागांना त्यात वेगळी वाट आहे. पण आज कोणी "स्वस्तात देतो" म्हणत झुडपी जंगलाचा तुकडा दाखवला तर चहा पिऊन उठा.

मी स्वतः इथंच फसलो होतो. लग्नानंतर दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला, तो स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या इसारचिठ्ठीवर. देणारा ओळखीचा, पैसे तीन वेळा मोजून दिले. वर्षभरानं विक्रीपत्राला गेलो तेव्हा सातबारा हातात आला, तर वर्ग २. ज्यानं पैसे घेतले तो म्हणाला, परवानगी आणतो. ती काही आली नाही. पैसे परत मिळायला सहा वर्षं लागली, व्याजाचं नावही नाही. सातबारा तेव्हा पंधरा रुपयांत मिळत होता आणि तो मी काढला नव्हता.

घरकुल बसतं का, हे बँकेच्या आधी बघा

गावात राहणाऱ्या आणि पक्कं घर नसलेल्या माणसानं कर्जाचा विचार करण्याआधी ग्रामपंचायत गाठायची. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणचं अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. २०२५ मध्ये राज्यानं त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनलला. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८,०८०. शौचालयाचे १२ हजार. सौर सोडून बेरीज केली तर १ लाख ९५ हजारांच्या घरात जाते. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट.

यादीत नाव आहे का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा (ग्रामसेवकाचं पदनाम आता हेच आहे, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात). २०२४-२५ मध्ये आवास प्लसचं नवं सर्वेक्षण झालं, त्यात नोंद झाली का ते बघा. दुचाकी असली तर आता नाव कटत नाही, पण चारचाकी असेल तर कटतं. घरात सरकारी नोकरी किंवा आयकर, अडीच एकर ओलित किंवा पाच एकर कोरडवाहू जमीन, आणि ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तरी नाव बाहेर जातं. हे शेवटचं आमच्या शेतकऱ्यांना ठाऊक नसतं. चार एकर कोरडवाहूवाला कार्डाची मर्यादा वाढवून घेतो आणि घरकुलातून निघतो.

या यादीत बसला नाहीत तरी दार बंद होत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. यवतमाळकडचे कोलाम आणि गडचिरोलीतले माडिया यांच्यासाठी पीएम जनमन आहे, त्यात घराला २ लाख मिळतात. ज्याच्याकडे जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे. तिची फाईल पंचायत समितीत द्यायची. आणि सरकारी जागेवर घर असेल तर १ जानेवारी २०११ च्या आधीचं निवासी अतिक्रमण नियमानुकूल करण्याची सोय आहे. त्या काळचा कराचा उतारा, वीज बिल, मतदार यादी, जे असेल ते जपून ठेवा.

अनुदान येतं, पण मागून येतं

नवख्यांची इथं सगळ्यात जास्त दमछाक होते. अनुदान हप्त्यानं येतं. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात जोता काढायचा, अभियंत्यानं फोटो काढून जिओटॅग करायचा, मग पुढचा हप्ता. दर टप्प्याला पैसा आधी आपला लागतो.

आणि आमची जमीन काळी. मुरमाड रानात तीन फुटांवर पाया बसतो. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि उथळ पाया केला तर तिसऱ्या वर्षी भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चिरते. कठीण थर लागेपर्यंत खोदायचं, किंवा काळी माती काढून मुरूम भरून दाबायचा, खाली बीम बांधायची. म्हणजे ज्या टप्प्याला सगळ्यात कमी पैसा येतो तिथंच खर्च सगळ्यात जास्त. पंधरा हजारांचा हप्ता खड्ड्यातच जातो.

माझ्या मावसभावानं यातून वाट काढली ती अशी. घरकुल मंजूर होताच त्यानं भट्टीवाल्याला विटांचे थोडे पैसे आधी दिले, उरलेले दिवाळीत कापूस विकून देण्याच्या बोलीवर. नव्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत आहे, तिचा अर्ज त्यानं तहसीलला पावसाळ्याआधीच टाकला. पाया त्यानं आणि भावानं मिळून खोदला, त्या दिवसांचं रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, रोजगार सेवकाकडून भरून घेतलं. बायकोच्या बचत गटातून जोत्यापुरतं कर्ज उचललं आणि दुसरा हप्ता आला त्याच दिवशी ते फेडलं. बाजारातून पाच टक्के महिन्यानं सावकाराकडून उचलणारेही बघितले आहेत. त्यांच्या घराचा स्लॅब दोन उन्हाळे तसाच राहिला.

एक चूक सांगून ठेवतो. मंजुरी मिळाल्यावर हौसेनं ६०० फुटांचा पाया टाकू नका. अनुदान तेवढंच राहतं. २६९ फुटांचं पूर्ण करा, पायऱ्या आणि कॉलमची सळाख वर ठेवा, पुढं वाढवता येतं.

बँकेत जाण्याआधी पीककर्जाचा हिशेब

तालुक्याला तयार घर घ्यायचं असेल किंवा घरकुलात बसत नसाल तर बँक आली. बँक पहिल्यांदा सिबिल बघते, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याचे गुण. हा आकडा ३०० ते ९०० असतो, ७५० च्या वर असला की बोलणं सोपं होतं. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो आधी काढा.

विदर्भात सिबिल बिघडतो तो बहुतेक पीककर्जानं. निवडणूक आली की गावात कुजबुज सुरू होते, "भरू नका, माफी होते." २०१७ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली, म्हणून पुन्हा होईल या आशेवर लोक नूतनीकरण थांबवतात. थकबाकी दिसते आणि मग गृहकर्जाची फाईल पहिल्याच टेबलावर थांबते. एकरकमी तडजोड केली तर अहवालात "सेटल्ड" असा शिक्का राहतो, तोही वाईट. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडतं. घर घ्यायचं ठरवलं असेल त्या वर्षी माफीची वाट पाहू नका. बायकोच्या नावावरचं महिला गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्जही बघा. सहकर्जदार म्हणून तिचा अहवालही निघतो.

किस्तीचा अंदाज असा ठेवा: ९ टक्के दरानं ५ लाखांना २० वर्षांची महिन्याची किस्त साधारण ४,५०० रुपये, १५ वर्षांची ५,०७१. फरक पाचशे-सहाशेचा, पण २० वर्षांत एकूण १० लाख ८० हजार जातात आणि १५ वर्षांत ९ लाख १३ हजार. पगार नसेल, सोयाबीन-कापसावर घर चालत असेल, तर शेतकऱ्याला सहामाही हप्त्याची सोय आहे का ते विचारा. काही बँकांच्या ग्रामीण गृहकर्जात ती असते. महिन्याची किस्त लावून घेतली आणि जूनमध्ये बियाणं-खताचा खर्च आला की गाडी तिथंच अडते.

घर नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये व्याज सवलत आहे. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि भारतात कुठंही पक्कं घर नको. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. ही रक्कम कर्ज घेतल्यावर येते. एजंट ती डाऊन पेमेंट म्हणून दाखवतो, तसं ते नाही.

"वरचे" पैसे

खरी गोम इथं आहे. समजा तालुक्याला घर १२ लाखांना ठरलं. विक्रीपत्रात १२ लाख लिहिले तर बँक १० लाख ८० हजारांपर्यंत देऊ शकते. आपले १ लाख २० हजार, मुद्रांक आणि नोंदणी मिळून ७ टक्के धरले तर ८४ हजार, वकील-प्रोसेसिंगचे वीसेक हजार. सव्वादोन लाखांत काम होतं.

पण विकणारा म्हणतो, "कागदावर ७ लिहा, ५ वरून द्या." आता बँक ७ च्या ९० टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार देते. आपल्याला खिशातून ५ लाख ७० हजार काढावे लागतात, खर्च वेगळा. मुद्रांकात वाचतात फार तर ३५ हजार, आणि शुल्क सरकारी मूल्यावर किंवा लिहिलेल्या किमतीवर, जे जास्त असेल त्यावर लागतं, म्हणून बऱ्याचदा तेही वाचत नाहीत. पस्तीस हजारांसाठी साडेचार लाख जास्त जमवायचे! गावातला डाऊन पेमेंटचा प्रश्न अर्ध्याहून जास्त वेळा या "वरून" मुळे उभा राहतो.

विकणाऱ्याला एकच सांगायचं: जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानुसार जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. मी हे सांगतो तेव्हा चारातला एक तरी ऐकतो. न ऐकणाऱ्याचं घर सोडून द्या.

उलटी युक्तीही चालते. घर १२ चं आणि करारात १४ लिहायचं, म्हणजे बँकेच्या पैशातच सगळं भागेल. भिंतीवरच्या जाहिरातीतलं "एक रुपयाही न भरता" बहुतेक हेच असतं. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो, तो ११ लाख लिहितो, आणि बँक दोन्हीतला कमी आकडा धरते. इसार मात्र आपण देऊन बसलेलो. शिवाय खोटी किंमत लिहून कर्ज उचलणं ही फसवणूक आहे, सही आपली असते, एजंटची नसते.

स्वतःचा वाटा कमी पडत असेल तर सोनं गहाण, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज, नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीतून घरासाठीची उचल, या क्रमानं बघा. पर्सनल लोन शेवटी. १ लाखाला १४ टक्क्यानं ४ वर्षांची किस्त २,७३३ पडते, ती गृहकर्जाच्या किस्तीच्या डोक्यावर बसते आणि तेवढी बँक तुमची पात्रता कमी करते.

किस्तीवरचे प्लॉट

नागपूरच्या आजूबाजूला आणि आता वर्धा, उमरेडकडेही "महिना अमुक भरा, प्लॉट तुमचा" असं चालतं. शेवटची किस्त भरेपर्यंत विक्रीपत्र नाही, आणि तोवर लेआऊटवाला तीच जमीन गहाण टाकतो किंवा दुसऱ्याला विकतो, हे घडलेलं आहे. एनए (बिनशेती परवानगी), टीपी (नगररचनेची मंजुरी), आरएल (प्लॉट विकायला सोडल्याचं रिलीज लेटर) ही अक्षरं जाहिरातीत असतात, त्यांचे कागद मागा. नागपूरभोवतीची ७१९ गावं एनएमआरडीएत (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) येतात, तिथं मंजूर नकाशा लागतो. ५०० चौरस मीटरच्या वरच्या लेआऊटला महारेराचा (अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर हवा, आणि रेरा कायद्यात नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "करार नंतर करू" म्हणणाऱ्याला हे कलम १३ दाखवायचं.

विक्रीपत्राच्या दिवशी

आदल्या दिवशी सातबारा किंवा आखीव पत्रिका ताजी काढा, इतर हक्कात बोजा चढला आहे का बघा. शोध अहवाल बँकेचा वकील काढतोच, तो वाचून घ्या. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, आणि कितीही मोठा व्यवहार असला तरी ३० हजारांच्या वर नाही.

सही झाली म्हणजे झालं असं समजून बरेच जण पेढे वाटून मोकळे होतात आणि दोन वर्षांनी फेरफाराला येतात. सूची क्रमांक २ (झालेल्या नोंदणीचा उतारा) हातात आली की त्याच आठवड्यात फेरफाराचा अर्ज करा. नोटिशीचे १५ दिवस गेले की नोंद प्रमाणित होते. मग ग्रामपंचायतीत नमुना आठवर नाव. घर एकाच्या नावावर असलं तरी कराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा २००३ चा शासन निर्णय आहे, तेव्हा अर्जात दोघांची लिहा. आणि विजेचं मीटर जुन्या मालकाच्या नावावर राहिलं असेल तर आधी त्याची थकबाकी तपासा. माझ्या एका गिऱ्हाईकाला घरात राहायला गेल्यावर पहिली भेट लाईनमनची झाली होती, शिडी घेऊन आला होता तार कापायला.